वज्रीसमोर चाळीस मिनिटं

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही पाचही जण हात हलवत परत आलो होतो. तीन मजले, दालनामागून दालन. दिवे, कुलपं, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दरवाजे, पानाचे डबे. सगळं बघायच्या नादात दुपार टळली, पाय भरून आले आणि वह्या कोऱ्याच राहिल्या. बाहेर बाजीराव रोडवर रिक्षाची वाट बघत उभं असताना काका म्हणाले, "एवढं बघितलं, की काहीच दिसलं नाही."

काकांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो, राजा दिनकर केळकर संग्रहालयातच, आणि या वेळी नीट ठरवून गेलो. त्या शनिवारबद्दल लिहिते आहे.

आमचा लिहिणाऱ्यांचा गट लहान आहे. काका एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. बाई शाळेत मराठी शिकवतात आणि वयानं माझ्याएवढ्या असूनही सगळे त्यांना बाईच म्हणतात. एक डॉक्टर आहेत. एक धाकटा आहे, आयटीतला, आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त वाचणारा. आणि मी. मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा उद्योग. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, विषय काढायचा, अर्धा तास मान खाली घालून लिहायचं आणि वाचून दाखवायचं, असं चार वर्षं चाललंय. पण गेल्या वर्षापासून लिखाणाला एक साय धरायला लागली होती. पाऊस म्हटलं की मातीचा वास, आई म्हटलं की पदर. चांगलं लिहीत होतो, पण तेच ते. मी दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरावर पेन्सिल फिरवते, त्यामुळे मला हे आधी जाणवलं. 'सुंदर', 'अप्रतिम', 'मनमोहक' हे शब्द आले की डोळा न थांबता पुढे सरकतो, कारण त्यांत थांबण्यासारखं काही नसतं. माझ्याही वहीत तेच शब्द साठत होते.

म्हणून म्हटलं, आठवणीतून लिहायचं थोडे दिवस बंद. समोर वस्तू ठेवून लिहू.

आणि वस्तू म्हटल्यावर पुण्यात राहणाऱ्याला शुक्रवार पेठेतली ही वास्तू आठवल्याशिवाय राहत नाही. दिनकर गंगाधर केळकर (जन्म 1896) हे मुळात कवी. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची कितीतरी दशकं ते त्यासाठी गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाईंची या सगळ्याला साथ होती. आज संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार. पुढे हा सगळा ठेवा त्यांनी सरकारच्या हवाली केला. एका कवीनं आयुष्यभर घराघरातली भांडीकुंडी, दिवेपणत्या, फण्याकरंडे गोळा करत राहावं, यात लिहिणाऱ्या माणसासाठी काहीतरी आहे असं मला नेहमी वाटायचं. नेमकं काय, ते सांगता येत नव्हतं.

या वेळी आधी फोन करून विचारलं, आम्ही पाच जण दिवसभर बसून, उभं राहून लिहिलं तर चालेल का? चालेल म्हणाले, इतरांची वाट अडवू नका. पेनं घरी ठेवली, फक्त पेन्सिली नेल्या. जुन्या वस्तूंच्या आसपास शाई नको, हे आमचं आम्हीच ठरवलं. पाठीला पुठ्ठा असलेल्या वह्या घेतल्या, कारण टेकायला जागा मिळेलच असं नाही. फोन पिशवीत. वेळाची विभागणी डॉक्टरांनी केली आणि ती इतकी नेमकी निघाली की आता आम्ही ती कुठंही वापरतो. पहिली वीस मिनिटं नुसतं हिंडायचं आणि एक वस्तू निवडायची. एकच. मग दहा मिनिटं तिच्यासमोर उभं राहून फक्त बघायचं, पेन्सिल हातात घ्यायची नाही. त्यानंतर चाळीस मिनिटं लिहायचं, आणि त्या चाळीस मिनिटांत जागा सोडायची नाही.

ती दहा मिनिटं सगळ्यात अवघड. पहिल्या दोन मिनिटांत वस्तू 'बघून संपते'. नाव कळतं, धातू कळतो, साधारण काळ कळतो. मग मन इकडंतिकडं पळतं, शेजारच्या कपाटाकडं, घड्याळाकडं, घरी गॅस बंद केला का इकडं. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते दमून परत येतं. आणि तेव्हा वस्तू दिसायला लागते.

मी वज्रीसमोर उभी होते.

ज्यांनी वज्री बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. अंघोळीच्या वेळी टाचा, तळपाय घासायचं हे साधन. भाजक्या मातीच्या असतात, धातूच्याही असतात. संग्रहालयात त्यांचं चांगलं मोठं कुटुंब आहे. वर धरायला काहीतरी आकार, पक्षी, प्राणी, माणसं, आणि खाली खरखरीत तळ. मी निवडलेली पितळी होती. साधारण तळहाताएवढी, लांबट. वर पक्षी, मान थोडी मागं वळवलेली, जणू पाठीवर कोण बसलंय ते बघतोय. शेजारची एक वज्री कुशीवर ठेवलेली होती म्हणून तिचा तळ दिसला: उभ्या-आडव्या खाचा आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलेले बारीक चौकोनी दाणे, शेवटच्या ओळीपर्यंत सारख्या अंतरावर.

सातव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की पक्ष्याच्या पाठीवरची पिसांची नक्षी मधोमध जवळजवळ पुसलेली आहे. दोन्ही बाजूंना रेघा स्पष्ट, मध्ये गुळगुळीत. तिथं तळहात टेकत असणार. म्हणजे ही वस्तू शोभेची नव्हती. कुणीतरी ती वर्षानुवर्षं वापरली होती, ओल्या हातानं, वाकून, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन.

मला ढवळून निघाल्यासारखं झालं. टाचेचा मळ काढायचं साधन ते. न्हाणीघरात, अंधारात, बघायला कुणी नाही. तरी ओतकाम करणाऱ्यानं पक्ष्याला मान वळवायला लावली. पिसं कोरली. कुणासाठी? पावलांच्या भेगांसाठी. इतकी मान्यता आपण आज घरातल्या कुठल्या वस्तूला देतो? मला वाटतं, केळकरांना भुरळ पडली ती याची. तलवारीवर नक्षी असते, सिंहासनावर असते, त्यात नवल नाही. पण विळीवर, सोऱ्यावर, चुन्याच्या डबीवर, वज्रीवर आहे. रोजच्या कामाला लागणारी एकही वस्तू कुणी 'चालतंय की' म्हणून सोडून दिलेली नाही.

मग पेन्सिल घेतली आणि आजी आली. वाईच्या घराचं न्हाणीघर, तांब्याचा बंब, त्याच्या शेजारी दगडावर बसलेली आजी, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, आणि हातात वज्री. मी भराभर लिहीत गेले. तिच्या वज्रीवर पोपट होता, त्याची चोच मोडलेली होती, ती ती खिडकीच्या कोनाड्यात ठेवायची. दोन पानं भरली. हात थांबत नव्हता.

मध्येच गलका झाला. कुठल्यातरी शाळेची सहल आली होती, तिसरी-चौथीची मुलं, दोन-दोनच्या रांगेत. माझ्या वहीत डोकावत एका मुलानं विचारलं, "काकू, तुम्ही परीक्षा देताय का?"

"नाही रे. हे बघून लिहितेय."

"सगळ्याचं लिहिणार?"

"एकाच वस्तूचं."

तो वज्रीकडं बघून म्हणाला, "बदक आहे." आणि मग, "दिनकर केळकर कुठले राजे होते?"

हा प्रश्न मी मोठ्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. नावच तसं आहे, राजा दिनकर केळकर. मी त्याला सांगितलं, की राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. तो सात वर्षांचा असताना गेला. त्याच्या नावानं वडिलांनी हे सगळं उभं केलं.

मुलगा गप्प झाला. तोही आठ-नऊ वर्षांचाच असेल. मग त्यानं विचारलं, "मग त्याची खेळणी कुठायत?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांच्या बाईंनी हाक मारली, तो रांगेत पळाला. मी ते वाक्य वहीच्या समासात लिहून ठेवलं. दिवसभरात मी लिहिलेल्या सगळ्या ओळींत ती एक ओळ माझी नाही, आणि तीच सगळ्यात खरी आहे.

वेळ संपल्यावर जिन्यापाशी जमलो. काका आले नाहीत. शोधत गेले तर ते अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभे. वही बंद, पेन्सिल खिशात. मी हाक मारली नाही. तिथल्या एक मदतनीस मावशी मला हळूच म्हणाल्या, "राहू द्या ताई त्यांना. लोक येतात, पुढं जातात. असं कुणी थांबत नाही."

जेवायला मंडईच्या बाजूला गेलो. झुणका, भाकरी, ठेचा, वर ताक. जेवताना लिखाणाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं, ते सगळ्यांनी पाळलं. त्याचा फायदा असा की जे लिहिलंय ते बोलण्यात विरघळत नाही.

दुसरी फेरी माझ्या सूचनेवरून वेगळी होती: विशेषण वापरायचं नाही. एकही नाही. धाकट्यानं लगेच विचारलं, "पितळी हे विशेषण आहे ना?" आहे. "मग पितळेचा लिहिलं तर?" बाईंनी निवाडा दिला की 'पितळेचा' चालेल, कारण त्यात पदार्थ सांगितलाय, मत दिलेलं नाही. हा वाद जिन्यातच दहा मिनिटं रंगला आणि मला तो फार आवडला. अशा गोष्टींवर जीव तोडून भांडणारी माणसं आपल्याला मिळाली आहेत, याचा आनंद झाला.

डॉक्टरांनी दोन्ही फेऱ्यांना एकच लामणदिवा धरला होता. सकाळी त्यांनी लिहिलं होतं, 'छताला टांगलेला, नाजूक साखळीचा, देखणा दिवा'. दुपारी लिहिलं, 'साखळीत कड्या. कड्यांमध्ये पक्षी बसवलाय. खाली वाटी. वाटीला चोची, चोचींत वाती येतील. तेल संपत आलं की कोण उठायचं?' तो शेवटचा प्रश्न विशेषणं काढल्यावरच सुचला, असं ते म्हणाले. मला ते पटलं. विशेषण लिहिलं की वाक्याला वाटतं आपलं काम झालं. ते काढून घेतलं की वाक्याला पुढं चालावं लागतं, क्रियापद शोधावं लागतं, आणि क्रियापद आलं की मागोमाग माणूस येतो.

धाकटा दौतींसमोर होता. त्याला बाईंनी आधी टाक, बोरू सांगितला. वाळूही सांगितली: ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरवायची, शाई टिपली गेली की कागद झटकायचा. आणि मोडीचं सांगितलं. मोडी लिहिताना आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत जात. बोरू शक्य तितका कमी उचलायचा. हे ऐकून तो चकितच झाला. आपण देवनागरी लिहिताना शब्द लिहितो आणि मग त्यावर रेघ मारतो. मोडी लिहिणाऱ्याच्या पुढ्यात रेघ आधीपासून अंथरलेली असे. त्यानं वहीच्या कोऱ्या पानावर तसं करून बघितलं. आधी डावीकडून उजवीकडं वीस रेघा, मग एकेका रेघेखाली देवनागरी अक्षरं. त्या दिवशीचं त्याचं पान मी जपून ठेवायला मागून घेतलंय. खोडाखोड अगदी थोडी आहे. तो म्हणाला, "रेघ आधी असली की वाक्य कुठवर न्यायचंय ते आधी ठरवावं लागतं. मी कीबोर्डवर कधीच ठरवत नाही."

बाईंनी चित्रकथी निवडली होती. यातली बरीच चित्रं पैठणी चित्रं म्हणून ओळखली जातात. चित्रकथी गावात येत, चित्रांची पोथी उघडत, एकेक पान समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गात, सांगत. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातल्या कलाकारांनी ही परंपरा अजून धरून ठेवली आहे. चित्रांतले चेहरे बाजूनं, डोळे मात्र समोरून बघावेत तसे पूर्ण उघडे, मोठे. बाई त्या डोळ्यांवर लिहितील असं मला वाटलं होतं. त्यांनी लिहिलं पाठीबद्दल. या पोथ्यांत दोन चित्रांच्या पाठी एकमेकींना चिकटवलेल्या असतात. एका बाजूला एक प्रसंग, पान उलटलं की दुसरा. काचेमागं ठेवलेल्या पानाची एकच बाजू आपल्याला दिसते. बाईंनी लिहिलं होतं: 'रथ निघालाय. घोड्यांचे पाय वर आहेत. पुढं काय झालं ते या कागदाच्या पाठीला चिकटलेलं आहे आणि ते सांगणारा माणूस घरी गेलाय.'

हे ऐकल्यावर काही क्षण कुणी बोललं नाही.

मधे थोडा वेळ मस्तानी महालातही बसलो. कोथरूडला बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचे अवशेष आणून ते दालन इथं पुन्हा उभं केलंय. खांब, कमानी, झुंबरं. पाचांपैकी कुणालाही तिथं लिहावंसं वाटलं नाही. ती गोष्ट इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलेली आहे, की त्या दालनात गेल्यावर डोळ्यांआधी दुसऱ्यांची वाक्यं येतात. मी दुसऱ्या फेरीला करंड्यांपाशी गेले. कुंकू लावायच्या आधी कपाळावर मेण लावत, म्हणून कुंकवाच्या जोडीला मेणाचीही जागा असे, हे माझ्या पिढीतल्या कितीजणींना माहीत असेल? मला माहीत होतं, पण शब्द म्हणून. कुंकवाच्या करंड्याशेजारची ती एवढीशी डबी बघितल्यावर बोट आत कसं जात असेल ते कळलं. फक्त अनामिकाच मावेल. मी तेवढंच लिहिलं, विशेषणाशिवाय, आठ ओळी.

बंद व्हायच्या थोडं आधी निघालो आणि चालत सारसबागेत गेलो. उन्हं उतरली होती, हिरवळीवर लोक पोरांना घेऊन बसले होते, पलीकडं तळ्यातल्या गणपतीला रांग होती. भेळ घेतली. मग वाचन. आमच्याकडं वाचनाचा एकच नियम आहे: ऐकणाऱ्यानं 'छान' म्हणायचं नाही. जे लक्षात राहिलं ते शब्द परत म्हणून दाखवायचे. लिहिणाऱ्याला आपोआप कळतं काय पोचलं आणि काय वाटेत सांडलं.

काकांनी वाचायला नाही म्हटलं. मग सगळ्यांचं झाल्यावर वही काढली.

त्यांच्यासमोर होता तो अडकित्ता जोडप्याच्या आकाराचा. एक दांडी पुरुषाची, एक बाईची, मध्ये खीळ. उघडला की दोघं लांब जातात, मिटला की जवळ येतात. त्यांच्या मिठीतच सुपारी फुटते. असा अडकित्ता बघून कुणालाही शृंगारावरच लिहावंसं वाटेल. काकांनी लिहिल्या होत्या सहा-सात ओळी. त्या मी त्यांच्या परवानगीनं इथं देते:

'आमच्या घरात होता तो लोखंडाचा. त्याच्यावर काही नव्हतं. शेवटची गाडी डेपोत लावून मी घरी येई तेव्हा बारा वाजून गेलेले असत. जिन्यात दिवा नव्हता. तिसऱ्या पायरीवर आलो की वरून आवाज यायचा, कट्. म्हणजे जागी आहे. रोठा सुपारी होती, दोनदा दाबायला लागायचं. कट्, कट्. आता जिन्यात दिवा आहे.'

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली आहेत. या दोन वर्षांत काका दर महिन्याला येत होते, वही घेऊन बसत होते आणि पानावर तारीख टाकून वही मिटत होते. आम्ही कधी विचारलं नाही.

नियमाप्रमाणं लक्षात राहिलेले शब्द परत म्हणायचे होते. डॉक्टर म्हणाले, "तिसरी पायरी." धाकटा म्हणाला, "जागी आहे." बाई काहीच म्हणू शकल्या नाहीत. मी म्हटलं, "दोनदा." काकांनी मान हलवली, वही पिशवीत ठेवली आणि उरलेली भेळ संपवली.

घरी आल्यावर मला झोप लागेना. माझी दोन पानं मला आवडली होती. एका शब्दासाठी अडले होते, वज्रीच्या तळाच्या त्या खरखरीत दाण्यांना आजी काहीतरी म्हणायची असं वाटत होतं. सकाळी उठून वाईला आत्याला फोन लावला.

"आत्या, आजीची वज्री आठवते का गं? पोपटाची, चोच मोडलेली?"

"कसली पोपटाची?" आत्या म्हणाली.

"न्हाणीघरात, बंबाशेजारी बसून टाचा घासायची ती."

"अगं, ती कुठली वज्री! विटेचा तुकडा होता तो. ओसरीची वीट निघाली होती, त्यातला. वज्री होती ती वरच्या आळीतल्या वहिनींकडं, पितळी, पाहुण्यांना द्यायच्या त्या. आईनं उभ्या आयुष्यात विटेनंच घासलं. आणि इतकी झिजली होती ती वीट, की शेवटी साबणाच्या वडीएवढी राहिली होती. तूच टाकलीस ती परड्यात, लहान असताना. रागावली होती तुझ्यावर."

मला ते आठवत नव्हतं. पोपट मला इतका स्पष्ट दिसला होता की त्याच्या चोचीवरचा हिरवा गंजसुद्धा मी लिहिला होता. फोन ठेवला आणि बराच वेळ वही समोर घेऊन बसले. मग वज्रीचं पहिलं पान, संग्रहालयातल्या वज्रीचं, ठेवलं. पुढची दोन्ही पानं आडवी रेघ मारून काढून टाकली आणि त्यांच्याखाली आत्या बोलली तसं, शब्दाला शब्द, लिहून घेतलं: ओसरीची वीट, साबणाच्या वडीएवढी. नंतर डोळे मिटून तिचा तळ आठवायचा प्रयत्न केला. एक बाजू तांबडी, घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि दुसऱ्या बाजूला अजून चिकटून राहिलेला चुन्याचा एक ठिपका. हे खरं आठवलं की परत मीच घडवलं, ते आत्याला विचारायला पुन्हा फोन लावला आहे. ती देवळात गेली आहे, तासाभरात येईल.